रात्र थोडी, रेंडर फार

मी व्हिडिओ संकलक आहे. लोकांना वाटतं, हा माणूस अंधाऱ्या खोलीत बसून दृश्यांशी तासन्‌तास कुजबुजत असणार. अंधारी खोली तेवढी खरी. बाकी दिवसाचा हिशेब मांडला तर मी चार तास फायलींची हमाली करतो, तीन तास निळी पट्टी सरकताना बघतो, एक तास हरवलेल्या क्लिपा शोधतो आणि त्यानंतर अंगात त्राण उरलंच, तर एडिट करतो.

त्या रात्री आठ वाजता दिग्दर्शकाने डिस्क आणून दिली. दोन कॅमेऱ्यांनी साडेचार-साडेचार तास शूट केलेलं, एकूण 400 जीबी. त्यातून आठ मिनिटांची फिल्म सकाळी नऊला हवी.

"निवडलेल्या टेकची यादी दिलीय," तो म्हणाला. "तुला काय, नुसतं कापायचंय."

नुसतं! मी काही बोललो नाही. कारण महिन्याभरापूर्वीच मी नवा कॉम्प्युटर घेतला होता. ग्राफिक्स कार्ड एवढं दणदणीत, की ते बसवायला कॅबिनेट बदलावं लागलं. आता कुठलंही काम चुटकीसरशी, अशा गुर्मीत मी डिस्क जोडली आणि कॉपी लावली. पडद्यावर उमटलं: 2 तास 47 मिनिटं.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पोर्ट बदललं. ड्रायव्हर अपडेट केला. अँटिव्हायरस बंद केला. दर वेळी कॉपी पहिल्यापासून, आणि दर वेळी आकडा तोच. दिग्दर्शकाची डिस्क एसएसडी, माझा ड्राइव्ह त्याहून वेगवान, मग घोडं पेंड खातंय कुठे? साडेनऊला मुलगी डोकावली.

"बाबा, माझी चार्जिंगची केबल घेतलीस?"

"नाही."

"मग ती काय लावलीयस?"

तिच्या फोनच्या खोक्यात आलेली ती पांढरी, नाजूक केबल माझ्या 400 जीबीचा भार वाहत होती. यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे, आत काय दडलंय ते बाहेरून कळत नाही. चार्जिंगच्या बहुतेक केबलींमध्ये डेटासाठी जुन्या यूएसबी 2 च्याच तारा असतात. त्यांचा वेग कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हातात पडतात जेमतेम चाळीस. 400 जीबीला चाळीसने भागा; माझे पावणेतीन तास निघतात. डिस्कबरोबर आलेली जाड, आखूड, काळी केबल लावली, तर सेकंदाला 400 मेगाबाइट. 17 मिनिटं. एवढा महागाचा कॉम्प्युटर घेतला आणि त्याला पाणी पाजत होतो शाईच्या ड्रॉपरने. त्याच रात्री काळ्या केबलीला लाल चिकटपट्टी गुंडाळली.

रिकाम्या 17 मिनिटांत माणसाला जुन्या जखमा आठवतात. एके काळी माझ्याकडे दोन डिस्कची जोडी, म्हणजे रेड (RAID), होता. एकीवर लिहिलं की आपोआप दुसरीवर, म्हणजे आपला बॅकअप झालाच, अशी माझी समजूत. एकदा चुकून अख्ख्या प्रोजेक्टचा फोल्डर उडवला. रेडने अत्यंत आज्ञाधारकपणे तो त्याच क्षणी दोन्हीकडून उडवला. एक डिस्क मेली तर रेड तुम्हाला तारतो. तुमच्याच बोटांपासून तारणं त्याच्या कामात बसत नाही.

मग मी शहाणा झालो आणि 3-2-1 चा नेम धरला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत मेव्हण्याच्या कपाटात ठेवली. तेव्हा मी काम करायचो मॅकवर, त्याच्याकडे विंडोज. सहा महिन्यांनी त्याला कसलीशी फाइल न्यायला डिस्क हवी होती. त्याने माझी जोडली. विंडोजला मॅकची मांडणी वाचता येत नाही, पण तसं कबूल करण्याऐवजी ते विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? मेव्हणा मुळात होकारार्थी स्वभावाचा. आता दोन्हीकडे फिरणारी डिस्क मी दोघांनाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट मांडणीत ठेवतो आणि तिच्यावर जाड मार्करने लिहितो: विचारल्यास 'नाही' म्हणा.

तर, कॉपी झाली. कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेले ताळ्याचे आकडे, जुळवून बघितले. ही चैन नव्हे. ओढून टाकलेल्या फायलींतली एखादी अर्धवट असेल तर ते नेमकं कॅमेऱ्याचं कार्ड पुसल्यावर कळतं. मी टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायची पट्टी, उघडली, क्लिप लावली, प्ले दाबलं. चित्र एक पाऊल टाकून थांबलं. पुन्हा एक पाऊल. नव्या ग्राफिक्स कार्डाचा पंखाही हलेना.

हा सगळा एच-264 चा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीचा खेळ. या पद्धतीत दर सेकंदाच्या 25 फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक पूर्ण, आणि बाकीच्यांमध्ये फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच. म्हणून तर तासाभराचं फोर-के 45 जीबीत मावतं. पण मधलीच फ्रेम मागितली, की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं जुळवत यावं लागतं. आमच्या मावशीला विचारा, "डॉक्टर काय म्हणाले?" ती घराला कुलूप लावल्यापासून सुरुवात करते. संकलक दर दोन सेकंदांनी मागेपुढे उड्या मारत असतो, म्हणजे दर दोन सेकंदांनी मावशी पुन्हा कुलपापाशी. त्यातून फुटेज 10-बिट 4:2:2, म्हणजे रंगांची जास्त बारीक नोंद ठेवणारं, जे हार्डवेअरमध्ये उलगडणं माझ्या कार्डाला येतच नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. घेण्याआधी 'माझे कॅमेरे कुठल्या प्रकारात शूट करतात' हा एक प्रश्न विचारला असता, तर जुनं कॅबिनेट अजून वापरात असतं.

उपाय प्रॉक्सी. प्रत्येक क्लिपची हलकी, कमी रिझोल्यूशनची प्रतिकृती बनवायची, एडिट तिच्यावर करायचं आणि शेवटी मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्ट. प्रोरेस या संकलनासाठीच्या व्हिडिओ प्रकारातल्या 1080 च्या प्रॉक्सीला तासाला साधारण 17 जीबी लागतात, आणि तिच्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, मावशी नाही. मी फक्त यादीतल्या टेकच्याच प्रॉक्सी लावल्या. तेवढी अक्कल होती. (मूळ फुटेज जोडायला विसरून मी एकदा आख्खी फिल्म प्रॉक्सीवरून एक्स्पोर्ट केली होती. दिग्दर्शकाला त्यातला स्वप्नवत धूसरपणा फार आवडला. तो अजून विचारतो, कुठली लेन्स होती?)

साडेबाराला एडिटला बसलो आणि दीडला उठलो, कारण एक मुलाखत फोनवर घेतलेली निघाली. सुरुवातीला सगळं ठीक. सातव्या मिनिटाला बाई बोलून ओठ मिटते आणि मग तिचे शब्द पोचतात. फोन प्रकाश बघून फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, टाइमलाइन मात्र सेकंदाला 25 चा हिशेब धरून बसलेली. अशी क्लिप आधी एकसारख्या वेगात बदलून मगच आत घ्यायची, हे मी इतरांना नेहमी सांगतो.

तीन वाजता, जरा बरं चाललंय म्हणेपर्यंत, माझं लक्ष विंडोजने डिस्कला दिलेल्या अक्षराकडे गेलं. 'क्यू'. असलं अनाथ अक्षर बघवेना, म्हणून मी ते बदललं. पडदा लालभडक: मीडिया ऑफलाइन. फाइल कुठे आहे याचा पत्ता डिस्कच्या अक्षरापासून सुरू होतो, आणि मी भर रात्री आख्ख्या गावाच्या पाट्या बदलल्या होत्या. जुनं अक्षर परत देऊन, सॉफ्टवेअर बंद-चालू करून सगळं जागेवर येईपर्यंत वीस मिनिटं गेली. ती डिस्क अजून 'क्यू'च आहे.

पावणेनऊला मास्टर फाइल, म्हणजे पूर्ण दर्जाची शेवटची प्रत, तयार झाली. प्रोरेस 422 एचक्यू, फोर-के, तासाला सुमारे 330 जीबी, म्हणजे आठ मिनिटांचे 44. मास्टर असाच काढावा आणि बाकीच्या सगळ्या लहान फायली त्याच्यातून. नंतर एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं, तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

"44 जीबी?" दिग्दर्शक फोनवर म्हणाला. "व्हॉट्सॲपवर येईल ना?"

दोन दिवस झोप काढली. तिसऱ्या दिवशी पुढचं काम आलं. मी डिस्क जोडली, हाताला लागली ती केबल लावली, कॉपी सुरू केली.

2 तास 20 मिनिटं.

या खेपेला मी ड्रायव्हरला हात लावला नाही. सरळ उठून मुलीच्या खोलीत गेलो. फोन चार्ज होत होता. केबल जाड, काळी, लाल चिकटपट्टीवाली.

"ही माझी आहे," मी म्हणालो.

"असू दे ना," ती मान वर न करता म्हणाली. "हिने जरा चांगलं चार्ज होतं."