दहा प्रश्नांत बायपोलर कळत नाही

घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, मूड सारखा बदलतो म्हणजे बायपोलर (कधी नैराश्य, तर कधी अति उत्साह आणणारा मानसिक आजार). दहा प्रश्नांची चाचणी घरीच द्या. डॉक्टर तरी काय, रक्त न तपासता अंदाज सांगतात आणि पुढे तोही बदलतात. माझ्या ताईचं नेमकं निदान व्हायला चार वर्षं गेली. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

सकाळी चिडचिड आणि संध्याकाळी हसू, याला बायपोलर म्हणत नाहीत. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकातल्या निकषांत मेनिया (अति उत्साहाचा किंवा चिडचिडीचा काळ) आठवडाभर आणि हायपोमेनिया (त्याचं सौम्य रूप) सलग किमान ४ दिवस टिकावा लागतो (मेनियात दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर कमी दिवसही धरतात). मूडबरोबर अंगातला जोरही वाढलेला लागतो. ताई रात्री दोनला फळीवरचे डबे रिकामे करून घासत बसायची आणि तीन तास झोपून ताजीतवानी उठायची. झोप न लागणं वेगळं, झोपेची गरजच न वाटणं वेगळं. तिला स्वतःला ते दिवस छानच वाटत होते. फरक दिसला तो आईला.

आता चाचणी. नेटवर सहज मिळणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली फक्त गेल्या २ आठवड्यांतल्या नैराश्याबद्दल विचारते. मेनियाबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. आणि माणूस डॉक्टरकडेही बहुधा उदास असतानाच जातो. ताईला आधी नुसती नैराश्यावरची गोळी मिळाली आणि काही आठवड्यांत ते डबे घासणं सुरू झालं. बायपोलर असलेल्या काहींना मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय दिलेली ही गोळी मेनियाकडे ढकलू शकते. आदल्या वर्षी मे महिन्यातही ती अशीच उधळली होती. ते डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. (पण हे वाचून कुणी चालू गोळी मनानेच बंद करू नका.)

बायपोलर दाखवणारी रक्तचाचणी नाही, हे खरं. अर्धशिशीचीही नाही, तीही विचारूनच ओळखतात. तरी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करतात, कारण थायरॉइड बिघडलं की नैराश्यासारखी किंवा मेनियासारखी लक्षणं दिसू शकतात. स्टेरॉइड, दारू यांचीही चौकशी करावी लागते.

राहिलं निदान बदलणं. अनेकांत या आजाराची सुरुवात नैराश्यानेच होते. पुढे येणारा मेनिया पहिल्या भेटीत कुणाला दिसणार? पण पाच मिनिटांत, मागचं काहीच न विचारता गोळ्या लिहिल्या, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपली कागदपत्रं मागायचा हक्क दिलाय, ती सोबत न्या. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे.

दुधाचे खाडे मांडतो त्याच कॅलेंडरवर आम्ही ताईच्या झोपेचे तास लिहायला लागलो. तीन महिन्यांची पानं नव्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी सलग सहा चौकोनांवर बोट ठेवलं आणि आईला म्हणाले, "काकू, या दिवसांत घरात काय काय झालं, सगळं सांगा."