भाडं बांधू नका, डिपॉझिट बांधून द्या

गिरगावकर, नमस्कार.

सामान्य घरांच्या खर्चाला कायद्याचा आधार हवा, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की कायद्यानं स्वस्ताई येत नाही. भाडं गोठवलं म्हणून गिरगाव-परळच्या चाळी खचल्या, मालकांनी डागडुजी सोडली, आणि मी पुन्हा त्याच वाटेनं जायला सांगतोय. शेवटी विचारलंत, ‘घरमालक सामान्य माणूस नाही का?’ प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चाळींबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं हेच प्रमाण भाडं धरलं. तेव्हा ते गरजेचं होतं. पण पन्नास वर्षं आकडा जवळपास तिथेच राहिला. छपराच्या कौलांचा खर्च त्या भाड्यातून निघणं शक्यच नव्हतं. शेवटी १९६९मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि शहरातल्या १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती सेसखाली, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या उपकराखाली आल्या. हे भाडं आता अवाजवी झालंय, असं सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर १९९७मध्ये सांगितलं.

पण दुसरी बाजूही बघा. १९८२च्या संपात गिरण्यांचा पगार महिनोन्‌महिने बंद होता, तरी लालबाग-परळची बिऱ्हाडं खोलीत टिकून राहिली. दागिने गेले, मुलांच्या शाळा सुटल्या, खोली गेली नाही. ते भाडं बाजारभावानं असतं, तर काय झालं असतं याचा विचार करून बघा.

आता आजच्या मुंबईकडे येतो, कारण माझा मुद्दा तिथला आहे. नव्यानं बिऱ्हाड थाटणाऱ्याला पागडीची, म्हणजे आधी मोठी रक्कम मोजून जुन्या भाड्यावर मिळणारी खोली परवडत नाही. त्याच्या वाट्याला येतं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावरचं घर, तेही अकरा महिन्यांचं. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं कांजूरमार्गला वन बीएचके घेतला. भाडं ३० हजार. चावी हातात पडायच्या आधी डिपॉझिट १ लाख २० हजार, पहिलं भाडं ३० हजार, दलाली आणखी एका महिन्याची, वर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि टेम्पो. म्हणजे १ लाख ८० हजारांवर रक्कम एका आठवड्यात उभी करायची. सूनबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. मुदत संपल्यावर मालकानं रंगकामाचे म्हणून २५ हजार कापून घेतले, बिल दाखवलंच नाही. दरम्यान पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं, म्हणून पाटल्या तिथेच राहिल्या आणि व्याज चालू राहिलं. महिन्याचं भाडं हे दोघं कसंही भागवतात. कंबर मोडते ती या ठोक रकमेनं.

म्हणून माझी मागणी भाडं गोठवण्याची नाहीच. केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ला आदर्श भाडेकरार कायदा नमुना म्हणून मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात भाडं किती हे दोघांच्या करारावर सोडलंय, पण राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि रीतसर कपात करून उरलेली रक्कम ताबा देतानाच परत करायची आहे. भाच्याच्या बाबतीत ही मर्यादा असती तर डिपॉझिट ६० हजारांवर थांबलं असतं. पाटल्या घरात राहिल्या असत्या. एवढं एक कलम महाराष्ट्रानं आपल्या कायद्यात आणावं.

अशी कलमं कागदावरच राहतात, असंही तुम्ही म्हणाल. मग आपल्याच १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५ बघा. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला, तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या, जोवर उलट सिद्ध होत नाही. या तरतुदीनं कशाचाही भाव ठरवला नाही, पण आज मुंबईतला एजंट पहिल्या फोनवरच ‘रजिस्ट्रेशन करावं लागेल’ म्हणतो. न नोंदवणाऱ्याचंच नुकसान, असं कायद्यानं करून ठेवलं म्हणून हे घडलं. इन्स्पेक्टरला दारोदार हिंडावं लागलं नाही.

शाळेच्या फीचा कायदा याच्या उलट. फी एकदा मंजूर झाली की दोन वर्षं बदलायची नाही, पालकांच्या कार्यकारी समितीची निवड सोडतीनं, हे २०११च्या कायद्यात छान आहे. नंतरच्या दुरुस्तीनं मात्र तक्रारीला २५ टक्के पालकांचा गट लागू लागला. आपलं मूल त्याच वर्गात बसणार, या भीतीनं सही करायला कोण पुढे येतो? इथे कायदा आहे, पण एकट्या आईच्या हाताला लागत नाही. ही अट काढली पाहिजे, याबद्दल मला शंका नाही.

राहिला घरमालक. तो सामान्य माणूस आहेच. दादरची एक खोली भाड्यानं देऊन औषधपाणी भागवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची मला काळजी वाटते. त्यांची खरी भीती असते ती भाडेकरू घर सोडणार नाही ही. त्यावर १९९९च्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहेच: लायसन्सची मुदत संपूनही ताबा न देणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते, आणि अर्ज दिवाणी कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. ते प्राधिकारी पुरेसे नेमा, तारखा लवकर द्या, अशी मागणी तुम्ही केलीत तर माझी सही तुमच्या खाली असेल. पण सरकारनं करायचं हे काम होत नाही, म्हणून तिशीतल्या जोडप्यानं चार-चार महिन्यांचं भाडं बिनव्याजी अडकवून ठेवायचं, हे मला मान्य नाही.