त्यात वारं येतंय का?

नवी पेठेतल्या एका दुकानात परवा मी ब्लू-रे प्लेअर मागितला आणि काउंटरवरच्या पोरानं माझ्यापुढे ब्लूटूथ स्पीकर ठेवला. म्हणलं हे नाही रे, डिस्क लावायचा प्लेअर. मग त्यानं आत ओरडून विचारलं, "शेठ, सीडीवालं काय हाय का?" आतून आवाज आला, "रिपेरिंगवाल्या काकांना समोरच्या बोळात पाठव." म्हणजे मी गिऱ्हाईकच नाही! इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पैसे घेऊन, भर एप्रिलच्या दुपारी सोलापूरच्या उन्हात स्कूटर काढून आलेला माणूस हा रिपेरिंगवाला काका. अजून डोक्यातून जात नाही ते.

आता एवढ्या उन्हात मला ब्लू-रे कुठून आठवला, तर त्याचं कारण आमचे मेहुणे. मुक्कामाला आले होते, जेवणं झाली, मी कौतुकानं म्हणलं एक जुना पिक्चर दाखवतो, कधीचा ॲपच्या लिस्टमध्ये टाकून ठेवलाय. लावला तर 'हा चित्रपट सध्या उपलब्ध नाही'. वर्षाचे पैसे भरलेत, पण पिक्चर गेला. कुठे गेला, कोणी नेला, काही नाही. मेहुणे म्हणाले, "असू द्या दाजी, बातम्या लावा." बातम्या! त्या रात्री ठरवलं की बास, आता हातात धरता येईल असं काहीतरी घ्यायचं.

मग रात्ररात्र वाचत बसलो. साध्या डीव्हीडीत एका थरात 4.7 जीबी मावतं, ब्लू-रेत 25, दोन थर असले तर 50, आणि 4के वाली, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राची, डिस्क 100 जीबीपर्यंत जाते. लेझर निळा-जांभळा, लहरी बारीक, म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त लिहिता येतं. स्ट्रीमिंगवर, म्हणजे इंटरनेटवरून, 4के म्हणून जे येतं ते साधारण 15-20 एमबीपीएसच्या (सेकंदाला किती डेटा येतो त्याचं माप) आसपास पिळून पाठवलेलं असतं, आणि 4के डिस्क शंभराच्या पुढे जाऊ शकते. म्हणून तर अंधारातला सीन आला की आमच्या टीव्हीवर हिरोच्या मागच्या भिंतीचे चौकोन चौकोन होतात आणि बायको म्हणते टीव्ही पुसून घ्या. मी पुसतोही. असो. तर एवढा अभ्यास करून मी त्या दुकानात गेलो होतो, आणि तिथे मला मामा भेटले.

मामा मंद्रूपचे. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, कूलर घ्यायला आलेले आणि कूलर घ्यायच्या आधी त्याच्याच खोक्यावर बसलेले. माझा आणि पोराचा संवाद त्यांनी पूर्ण ऐकला होता.

"का ओ सर, कसलं मशीन म्हणलाव?"

"ब्लू-रे प्लेअर, मामा."

"त्यात वारं येतंय का?"

मी म्हणलं नाही, पिक्चर दिसतो त्यात.

"तुमच्यात टीव्ही न्हाय?"

"आहे की."

"मग टीव्हीत दिसत न्हाय का पिक्चर?"

"दिसतो, पण तो इंटरनेटवरून येतो. हा डिस्कवरून येणार."

मामांनी टॉवेलनं मान पुसली. पोरगं मोबाईल बाजूला ठेवून बघायला लागलं. कूलरचे भाव काढत असलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं पण थांबलं. मला वाटलं इथे माणसं आहेत, वेळ आहे, नीट समजावून सांगावं. ते का वाटलं देव जाणे.

"मामा, असं बघा," मी म्हणलं, "हे ऑनलाईन म्हणजे आपल्या सोलापूरच्या नळाचं पाणी. चार दिवसांनी येणार का पाच दिवसांनी, ते आपल्या हातात नाही. आणि डिस्क म्हणजे घरातला हौद. भरून ठेवला की आपला, कधीही तांब्या बुडवा."

जोडप्यातल्या बाईंनी मान डोलावली. सोलापुरात पाण्यावरून दिलेला दाखला वाया जात नाही. मी जरा फुललोच. मामा शांतपणे म्हणाले,

"मग हौद कशाला? बोअर मारा की."

पोरगं लगेच, "तेच की मामा! काका, एक ग्रुप हाय, लिंक पाठवू का? सगळं फुकट, कालचा पिक्चर आज." म्हणजे हा त्यांचा बोअर. मी म्हणलं ते बेकायदेशीर असतं बाबा. तर मामा म्हणाले, "आमच्याकडं बोअर कायदेशीर कुणाचा हाय?" सगळं दुकान हसलं. आतले शेठसुद्धा, जे माझ्यासाठी उठले नव्हते, ते हसायला बाहेर आले.

मी नेटानं पुढे. म्हणलं आमच्या गल्लीत कोणी ना कोणी रस्ता खोदत असतं, केबल तुटते, मग दोन-दोन दिवस नेट नाही. डिस्कला नेट लागत नाही.

"लाईट लागती का?"

"लाईट लागते."

"मग लाईट गेल्यावर?"

"लाईट गेल्यावर नाही चालणार."

मामांनी जोडप्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, पोराकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. न बोलता इतका अपमान करणारा माणूस मी तरी बघितला नव्हता.

शेठ म्हणाले, "सर, कंपन्यांनीच बंद केलं हो ते." यात ते खोटं बोलत नव्हते, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच जास्त लागलं. सॅमसंगनं 2019 मध्ये अमेरिकेत नवीन ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, एलजीनं 2024 मध्ये बनवणं बंद केलं, सोनीनं 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं सोडलं. आणि हाच ब्लू-रे कसा जिंकला होता बघा! तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीचा ब्लू-रे अशी मोठी जुंपली होती, 2008 च्या फेब्रुवारीत तोशिबानं हात टेकले, जगभर बातम्या झाल्या की आता भविष्य ब्लू-रेचं. ते भविष्य सोलापुरात पोचायच्या आत संपलं. आमच्याकडे तेव्हा मोझर बेअर कंपनीच्या 28 रुपयांच्या व्हीसीडी, म्हणजे पिक्चरच्या सीडी, किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी लटकायच्या, आणि आम्ही दळणाबरोबर पिक्चर घेऊन यायचो. ती कंपनीही बुडाली.

बरं, मशीन बाहेरून मागवलं तरी डिस्कचं काय? ब्लू-रेला पण प्रदेश असतात, ए, बी आणि सी. अमेरिका ए मध्ये, आपण सी मध्ये. अमेरिकेतल्या भाच्यानं प्रेमानं डिस्क आणली तर ती इथल्या मशीननं नाकारायची शक्यता. 4के डिस्कला हे सोवळं नाही, पण त्या मशीनची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला होता. आणि माझ्या आवडीचे जुने मराठी पिक्चर ब्लू-रेवर शोधले तर हाताला काही लागलं नाही. म्हणजे हौद बांधायचा आणि त्यात ओतायला टँकर अमेरिकेहून.

तर मग स्ट्रीमिंगच बरं का? मला तसं म्हणवत नाही. एक ॲप क्रिकेटसाठी, एक बायकोच्या मालिकांसाठी, एक पोरीनं तिच्या मित्राचा पासवर्ड टाकून चालू केलेलं, एक कशासाठी घेतलं ते कोणालाच आठवत नाही पण पैसे कटतात. एकानं तर वर्षाचे पैसे आधीच घेतलेत आणि आता मध्येच जाहिराती दाखवतोय, नको असतील तर वर आणखी पैसे द्या म्हणे. म्हणजे जेवणाचं बिल दिल्यावर वाढप्याच्या हाताखालून ताट सोडवून घ्यायचे पैसे. मराठी म्हणून कप्पा उघडावा तर निम्मे दक्षिणेतले डब केलेले. भाड्यानं पिक्चर घ्यावा तर एकदा चालू केला की 48 तासांत संपवा, आणि आमच्या घरी तर पाणी आलं की पिक्चर बंद करून भांडी भरायला उठावं लागतं. 'विकत घ्या' असं बटण असतं तिथेही आपण घेतो ते लायसन्स, पिक्चर नाही. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच केलाय की हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. तिथे निदान सांगून काढून घेतात. आमच्याकडे मेहुण्यांसमोर काढून घेतात.

हे सगळं मी त्या दुकानात बोललो नाही. निघालोच होतो. तर मामा खोक्यावरून उठले, मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, त्या मशीनवर लग्नाची सीडी लागती का?"

मी चमकलो. मामांनी कापडी पिशवीतून, पावभाजी मसाल्याच्या पुड्याखालून, प्लास्टिकच्या कव्हरातली एक डिस्क काढली. थोरल्या लेकीच्या लग्नाची. वर स्केच पेननं 'चि.सौ.कां.' एवढंच उरलेलं. प्रकरण असं की लग्नात रुखवतावर मामांनी फ्रिज ठेवला होता, हार घालून, आणि विहीणबाई आजतागायत चार माणसांत म्हणतात की फ्रिज आम्हीच घेतला. तो फ्रिज कधीच भंगारात गेला, लेकीची पोरगी कॉलेजला आहे, पण वाद ताजा. पुरावा सीडीत. ज्यानं शूटिंग केलं त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावून बघितली तर हळदीपर्यंत व्यवस्थित चालते आणि रुखवत यायच्या आधी अडकते.

"साधं मशीन हाय ना ते," मामा म्हणाले. "तुमचं भारी हाय. निळा लेझर."

हे त्यांनी कधी ऐकलं? मी पोराला समजावत होतो तेव्हा! म्हणजे वारं येतंय का, लाईट लागती का, हे सगळं विचारताना माणूस एकेक गोष्ट टिपत होता. मी सांगितलं, मामा, सीडी वाचायला त्यात निळा लेझर नसतो, वेगळा असतो, डीव्हीडी लागते, गाण्यांची सीडी बहुतेक लागते, पण व्हीसीडीचं प्रत्येक मॉडेलचं वेगळं, आणि ओरखडा असला तर कुठलंही मशीन अडकणार. यातलं मामांनी 'लागते' एवढंच घेतलं.

"मग ठिवा तुमच्याकडं," म्हणाले. "तुम्ही घेणारच हाव."

मी नको नको म्हणेपर्यंत डिस्क माझ्या हातात आणि माझा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये. कूलरचं खोकं रिक्षात चढवायला मलाच एका बाजूनं धरायला लावलं. शेठनं त्यांना ग्लासभर सरबत दिलं. मला नाही.

आता मामांचे फोन येतात. सकाळी साडेसहाला, कारण त्यांची धार काढून झालेली असते. "आलं का मशीन?" मी म्हणतो, बघतोय मामा. बायको विचारते कोण, मी म्हणतो कंपनीचा फोन. मी अजून ठरवतोय, कधी वाटतं ओएलएक्सवर सेकंडहँड बघावा, कधी वाटतं असलेले दोन ॲप बंद करून त्या पैशात शांत बसावं, आणि काल त्या कशासाठी घेतलंय आठवत नाही त्या ॲपनं परस्पर वर्षाचे पैसे कापून घेतले आणि वर 'आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद' असा मेसेज. त्याच वेळी मामांचा फोन. अक्षय्य तृतीयेला विहीणबाई येणार आहेत, तोवर घ्याच.

मी चिडून म्हणलं, "मामा, डिस्क घ्यायची का हे ऑनलाईन ठेवायचं, हे अजून माझंच ठरत नाही हो."

"त्यात ठरवायचं काय?" मामा म्हणाले. "तुम्ही पैसे भरा. मी विहीणबाईला घिऊन तुमच्याकडंच येतो बघायला. येताना शेंगा आणू का भाजलेल्या, का कच्च्या?"