चौकातला हायमास्ट आणि दूधवाले दादा

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे पावणेनऊ झालेले, बारीक पाऊस लागलेला. साइटवरून घरी येत होते. आमच्या गावाच्या तोंडाशी मोठं सर्कल आहे. मध्ये कारंजं, कारंज्याला लागून हायमास्ट, म्हणजे माथ्यावर मोठ्या दिव्यांचा झुबका असलेला उंच खांब. लांबून बघितलं तर लग्नाचा मांडव वाटावा असा लखलखाट. सर्कलमध्ये शिरताना उजवीकडून कोणी येतंय का ते बघितलं, मान सरळ केली आणि बंपरच्या पुढ्यात माणूस. ब्रेक दाबला. गाडी घसरत थांबली. हातभर अंतर राहिलं. त्यांच्या हातातली किटली निसटली आणि घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेली. रस्त्यावर दूध पसरलं.

मी धावत उतरले. काळा रेनकोट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साठीच्या आसपासचे गृहस्थ. लागलं नव्हतं, पण हात थरथरत होते. मी माफी मागितली तर म्हणाले, "ताई, मी तुम्हाला केव्हापासून बघत होतो. मला वाटलं, तुम्हीपण मला बघितलंय."

त्या रात्री झोप लागली नाही. वीस वर्षं मी रस्त्यांच्या कामात आहे. गाडीचा वेग तीसच्या आत होता, फोन पर्समध्ये होता. एवढ्या उजेडात मला माणूस दिसला कसा नाही?

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर वर्तमानपत्र घेऊन त्याच जागी गेले. पेपर जमिनीवर पसरला तर बातम्यासुद्धा वाचता आल्या. मग तो छातीशी उभा धरला, गाड्या येतात त्या बाजूला तोंड करून. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीला मथळासुद्धा नीट वाचता येईना. तशीच वळून कारंज्याकडे तोंड केलं, तर पानभर उजेड. म्हणजे सर्कलकडे जाणाऱ्या गाडीला माणसाची अंधारातली बाजू दिसते. दिवा त्याच्या पाठीमागे असतो. त्याला मात्र आपले हेडलाइट लांबूनच दिसतात, म्हणून आपणही दिसत असू असं तो धरून चालतो. दादा खरंच बोलत होते.

आपल्याकडे रस्त्यावरचा उजेड मोजतात तो बहुतेक जमिनीवर पडलेला. उजेड मोजायचा मीटर रस्त्यावर ठेवायचा, लक्स (उजेडाचं माप) लिहून घ्यायचे, बिल काढायचं. पण माणूस उभा असतो. त्याच्या अंगावर, गाडीच्या बाजूने किती उजेड पडतो हे कोणी बघतच नाही. सर्कलसाठी जगभर जे मार्गदर्शन आहे त्यात हे स्पष्ट आहे: दिवे बाहेरच्या कडेने लावा आणि झेब्रा पट्ट्यांच्या थोडे अलीकडे, म्हणजे गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, पोल उभे करा. मग उजेड माणसाच्या पुढून पडतो. शिवाय सर्कलच्या साधारण ८० मीटर आधीपासून रस्त्यावर दिवे हवेत, कारण काळोखातून एकदम झगझगाटात आलं की डोळ्यांना सावरायला वेळ लागतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कडेच्या आठ पोलांपैकी एक बंद पडला तर सात चालू राहतात. हायमास्टची केबल गेली की अख्खा चौक अंधारात, आणि दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत तसाच.

आता मूळ प्रश्न, सर्कल कशासाठी? वाहनांना हळू करण्यासाठी. ज्याला आधुनिक राउंडअबाउट म्हणतात त्याचा जन्म एका साध्या नियमातून झाला. ब्रिटनमध्ये १९६६ पर्यंत सर्कलमध्ये आधी कोण जाणार हे ठरलेलंच नव्हतं. बाहेरचे आत घुसायचे, आतल्यांना बाहेर पडता यायचं नाही आणि सगळं जाम व्हायचं. त्या वर्षी नियम आला की शिरणाऱ्याने थांबायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. या नियमामागे फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरच्या चाचण्यांचा मोठा वाटा होता. एकदा तो लागू झाल्यावर सर्कल अवाढव्य करण्याची गरज उरली नाही. पुढे १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल घालून त्यांनी अख्खा चौक सोडवून दाखवला. आजही तो चालू आहे.

साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात किंवा मिळतात. एका लेनच्या सर्कलमध्ये अशा जागा फक्त ८. शिवाय समोरासमोर आणि काटकोनात आदळण्याचा धोका जवळपास जातो. अमेरिकेत सिग्नलचे आणि स्टॉप पाटीचे चौक मोडून सर्कल केले, तेव्हा माणूस जखमी होणारे अपघात सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. इंडियाना राज्यातलं कार्मेल हे मध्यम आकाराचं शहर. तिथे १५० हून जास्त सर्कल आहेत. महापौर जिम ब्रेनर्ड यांनी १९९६ पासून २०२३ पर्यंत चिकाटीने हे काम रेटलं. एका कारकिर्दीत शहराची सवय बदलते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण नुसता मध्ये ओटा बांधून हे होत नाही. रस्ता सर्कलपाशी सरळ आला तर गाडी सरळच घुसते. आत शिरण्याआधी रस्त्याला डावीकडे बाक द्यावा लागतो, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही आणि वेग आपोआप उतरतो. मग गतिरोधकाची गरज राहत नाही. झेब्रा पट्टे सर्कलच्या तोंडाशी न मारता एक गाडी मावेल एवढे मागे हवेत. कारण अगदी तोंडाशी आल्यावर चालक उजवीकडे बघत असतो, मीही तेच करत होते. पट्टे मागे असले की आधी माणूस, मग उजवीकडची गाडी, अशी दोन कामं एकामागून एक करता येतात. आमच्या चौकात पट्टे बरोबर तोंडाशी आहेत.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी सर्कलचं काम माझ्याकडे होतं. पक्कं बांधण्याआधी आठ दिवस फक्की मारून, वाळूची पोती आणि पाण्याचे ड्रम ठेवून आखणी केली होती. तिसऱ्या दिवशी एसटीचे एक चालक गाडी बाजूला लावून खाली आले. म्हणाले, "मॅडम, पुढचं चाक बसतं हो. मागचं पोत्यावर चढतं." मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून तीन फेऱ्या मारल्या. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. म्हणून मधल्या बागेभोवती अडीच मीटरचा, जरा उंच, लाल दगडी पट्टा केला. बस, ट्रेलर त्यावर चढू शकतात, पण कारवाल्याला चढायला नको वाटतं, त्यामुळे तो गोल फिरतो. आठ दिवसांची ती पोती ठेवली नसती तर पहिल्या महिन्यातच कर्ब, म्हणजे कडेचे दगड, फुटले असते.

तिथेच ढाळावरून वाद झाला. सर्कलमधला रस्ता मधून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतात, दर मीटरला दोन सेंटिमीटर. पाणी बाहेर जातं, चेंबर कडेला राहतात आणि साफ करायला सोपे पडतात. मुकादमाला हे उलटं वाटत होतं, कारण घाटातल्या वळणावर रस्ता आत कललेला असतो. घाटात गाडीला वेग टिकवायचा असतो, इथे तो मोडायचा आहे, हे पटायला दोन दिवस लागले. जिथे ढाळ आत दिला जातो तिथे पावसाळ्यात ओट्याभोवती तळं साचतं आणि रात्री त्या पाण्यात हायमास्ट चमकतो. पट्टे दिसेनासे होतात.

माझी खरी तक्रार "सुशोभीकरण" या शब्दाशी आहे. चौकाच्या कामाचा कागद निघतो तोच चौक सुशोभीकरण म्हणून. मग पैसा कारंज्याला, रंगीत दिव्यांना, स्टीलच्या रेलिंगला जातो आणि रात्री सगळ्यात जास्त उजेड तिथे पडतो जिथे कोणी चालायचंच नसतं. मधली जागा सुंदर असावी, झाडं असावीत, उंचवटा असावा. समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर येत नाहीत आणि पुढे वळायचंय हे लांबून कळतं. पण त्याआधी कडेने चालणाऱ्या माणसाचा हिशेब व्हायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसची सर्कलची मार्गदर्शिका २०१७ मध्ये नव्याने आली आहे. आपल्या नगरपालिकांत ती टेबलावर उघडून चौकाची आखणी व्हावी, एवढंच मागते आहे.

मी आमच्या चौकाचा नकाशा काढून अर्जासोबत दिला आहे. आठ पोल, प्रत्येक रस्त्यावर शिरताना एक आणि बाहेर पडताना एक, पट्ट्यांच्या अलीकडे. पट्टे सहा मीटर मागे. हायमास्ट काढा असं म्हटलेलं नाही, त्याच्यावर विसंबू नका असं लिहिलं आहे. सोबत वर्तमानपत्राचे दोन फोटो जोडले, एक जमिनीवरचा, एक छातीशी धरलेला.

त्यानंतर दोनदा विचारून आले. फाइल पुढे गेली आहे असं कळलं. दादा रोज त्याच वेळेला दूध घालायला जातात. मी त्यांना मागच्या आठवड्यात चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट नेऊन दिलं. घालतात. पण त्यांच्यामागून शिकवणीहून परतणारी मुलंही तिथूनच रस्ता ओलांडतात, आणि सगळ्यांना जाकीट देता येणार नाही.