जिब्रेलिक ॲसिडने भाताचा दाणा भरत नाही

गणपतीनंतर भात पोटरीत आलं, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात तयार होऊ लागली, की कोकणातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. पोटरीत एकदा आणि दाणा चिकात असताना पुन्हा जिब्रेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक फवारा. खोडातली साखर दाण्यात उतरते, दाणा द्राक्षासारखा फुगतो, पळिंज म्हणजे पोकळ दाणा राहत नाही, आणि संजीवक नैसर्गिक असल्याने अपाय काही नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी खोडातली साखर. ती असते, हे खरं. लोंबी निसवण्यापूर्वी भात खोडात पिष्ट साठवतं आणि फुलोऱ्यानंतर ते दाण्याकडे पाठवतं. दाण्यातल्या पिष्टाचा पाव हिस्सासुद्धा असा येऊ शकतो. बाकीचं पानं त्याच महिन्यात उन्हावर तयार करतात. पण हा साठा हलवण्यात मोठा वाटा ॲब्सिसिक ॲसिड या दुसऱ्या संजीवकाचा. शेतातलं पाणी ओसरून जमीन बेताची सुकू लागली की ते वाढतं, जिब्रेलिन (जिब्रेलिक ॲसिड याच गटातलं) कमी होतं आणि खोडातलं पिष्ट दाण्याकडे जाऊ लागतं. म्हणजे संदेशाने नेमकं उलटं संजीवक सांगितलं आहे.

रुजणाऱ्या दाण्यात जिब्रेलिनचं काम पिष्ट मोडायला लावण्याचं. रहू पेरायला आपण भाताला मोड आणतो, तेव्हा बियातला गर्भ जिब्रेलिन बनवतो. ते पिष्टाभोवतीच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतं, त्या पेशी अमायलेज नावाचं विकर सोडतात आणि पिष्टाची साखर होऊन ती कोंबाला मिळते. ॲब्सिसिक ॲसिड हीच क्रिया रोखून धरतं, म्हणून पिकता दाणा लोंबीवरच रुजत नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस ऐन कापणीत येतो आणि आडव्या पडलेल्या भाताला शेतातच कोंब फुटतात. अशा ठिकाणी भरत्या दाण्यावर हे संजीवक मारायला सांगणं मला घातक वाटतं.

संकरित भाताच्या बीजोत्पादनात जिब्रेलिक ॲसिड खरोखरच वापरतात. तिथे मादी वाणाची लोंबी पानाच्या आवरणात अडकते, ती बाहेर यावी आणि परागीभवन व्हावं म्हणून. दाणा भरण्याशी त्याचा संबंध नाही. द्राक्षाचंही तसंच: बिनबियांच्या मण्यात बी वाढत नाही, म्हणून बियाकडून मिळणारं संजीवक बाहेरून द्यावं लागतं. भाताच्या तुसाचं माप मात्र फुलोऱ्याआधीच ठरतं, आणि दाणा त्यापलीकडे वाढू शकत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणाल तर या पदार्थाचा शोधच भाताच्या रोगातून लागला. बुरशीने रोपं फिकट, उंच आणि लुकडी होत. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशीने सोडलेल्या द्रवानेही तसंच होतं. उलट 1966 मध्ये आलेलं आयआर-8 हे भाताचं वाण बुटकं राहतं, कारण जिब्रेलिन बनवणारं त्याचं एक जनुक बिघडलेलं आहे. उंची घटली, भात लोळायचं कमी झालं आणि उत्पन्न वाढलं. बुटक्या वाणांना वरून जिब्रेलिन देणं म्हणजे हाच फायदा घालवणं.

राहिली पळिंज. भाताची फुलं सकाळी उशिरा थोडा वेळ उघडतात. तेव्हाच सर आली तर परागीभवन फसतं. खोडकिड्याने पोखरलेल्या चुडाची लोंबी पांढरी, पोकळ निघते. आभाळ बरेच दिवस भरलेलं राहिलं तर पानंच कमी पिष्ट करतात. पावसावर आणि आभाळावर इलाज नाही, खोडकिड्यावर आहे. फवारणीचे पैसे हातात असतील तर आधी पांढऱ्या लोंब्या उपटून खोड चिरून बघा, आत अळी सापडते का.