जयंती पावसात, शाकारणी मे महिन्यात

जुलै उजाडला की आमच्या रत्नागिरीकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मस्थानाचं काय करायचं? एक गट म्हणतो, भव्य स्मारक करा, ध्वनिप्रकाशाचा खेळ आणा, गाड्या लावायला जागा करा. पर्यटक गणपतीपुळ्याहून परस्पर पळतात ते जरा शहरात थांबतील. दुसरा म्हणतो, आधी खड्डे बुजवा. मग कोणीतरी माझ्याकडे वळतं, "दादा, तुमच्या लंडनात बघा कसं जपतात!"

लंडनात कसं जपतात ते सांगतो. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य 1918 मध्ये इकडे आले, तेव्हा मेडा व्हेल भागात हाउली प्लेसमधल्या 10 नंबरच्या घरात राहिले. 1961 मध्ये त्या भिंतीवर निळी गोल पाटी बसली. देशभक्त आणि तत्त्वज्ञ टिळक 1918-19 मध्ये इथे राहिले, एवढाच मजकूर. फुटपाथवर उभं राहायचं, फोटो काढायचा, चालू पडायचं. आत जायची सोय नाही. आणि ग्रुपवरच्या मंडळींना हे खरं वाटणार नाही, पण नुसत्या त्या पाटीने घराला कायद्याचं काडीचंही संरक्षण मिळत नाही. आपलं रत्नागिरीचं घर निदान राज्य संरक्षित स्मारक आहे. या बाबतीत आपण पुढे आहोत.

दुसरं घर बाबासाहेबांचं, किंग हेन्रीज रोडवरचं, तेही 10 नंबरचंच. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि स्मारक केलं. पुढे कॅम्डेनच्या पालिकेने परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली, राहत्या घराचं संग्रहालय करू नका असाही मुद्दा निघाला. चौकशी बसली आणि 2020 मध्ये वरून परवानगी आली. आपल्याकडे अनेकांना तेव्हा त्या शेजाऱ्यांचा संताप आला. मला स्मारक राहिलं याचा आनंदच झाला. पण स्मारकाला शेजार असतो, आणि त्या शेजाऱ्यांना बोलायचा हक्क असतो, हे मला पटतं. टिळक आळीत ध्वनिप्रकाशाचा भोंगा लावायची भाषा करणाऱ्यांनी आधी आळीतल्या लोकांना विचारलंय का?

इंग्रजांकडून काही उचलायचंच असेल तर मी पाटी उचलणार नाही. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, ती आजही चालू आहे. तिचं म्हणणं साधं: जुनं घर पडू द्यायचं आणि मग थाटात नवंकोरं करायचं, यापेक्षा रोजची देखभाल करा. म्हणून ती मंडळी दर नोव्हेंबरला देखभालीचा आठवडा पाळतात आणि लोकांना सांगतात, थंडीपूर्वी पन्हळी साफ करा, कुठे गळतंय ते बघा. ही अक्कल आपल्या आज्यांना होतीच. फक्त त्यांनी संस्था काढली नाही.

लंडनात वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत 3000 च्या वर. त्या पावसात कौलारू घर उभं राहतं ते मे महिन्यातल्या शाकारणीवर. आमच्याकडे यायचा तो गडी वाशांवर पाय ठेवत वर चढायचा, एकेक कौल काढून बोटाने टिचकी मारायचा. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली. वाळवी लागलेली रीप हातानेच मोडून दाखवायचा. माकडांनी फोडलेली कौलं तो वेगळी मोजायचा, शिव्या घालत. आता असा माणूस शोधून मिळत नाही. जो मिळतो तो म्हणतो, "कशाला कटकट, पत्रा टाका." आळीआळीत पत्रे आले ते असे.

आता कॅलेंडर काढा. लोकमान्यांची जयंती 23 जुलैला, पुण्यतिथी 1 ऑगस्टला. दोन्ही ऐन झडीच्या दिवसांत! हार घेऊन पुढारी येतात तेव्हा छपराला हात लावणं शक्य नसतं, आणि जेव्हा शक्य असतं त्या एप्रिल-मे महिन्यात टिळकांची आठवण कोणालाच नसते, सगळे आंब्यात. निधीची घोषणा जुलैत होते. तो हातात येईपर्यंत पुढचा पाऊस तोंडावर आला, तर उरतं काय? ताडपत्री. म्हणून भव्य स्मारकाच्या कोट्यवधींपेक्षा मला दरवर्षी मार्चमध्ये न मागता सुटणारी छोटी रक्कम हवी आहे, आणि कौल वाजवून बघणारी दोन माणसं, कायमच्या कामावर. त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरं. "खड्डे बुजवा" म्हणणाऱ्यांनाही एवढा खर्च जड जाऊ नये.

आत काय दाखवायचं? 1856 मध्ये जन्मलेला हा मुलगा 1866 मध्ये वडिलांबरोबर पुण्याला गेला. म्हणजे या घराकडे केसरी नाही, मंडालेही नाही. (मंडालेचा थिबा राजा मात्र इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला आणि इथल्या मुलाला मंडालेच्या तुरुंगात धाडलं, थिबा पॅलेस दाखवणाऱ्या गाईडांनी हा योग जरूर सांगावा.) या घराकडे आहे ते बालपण, आणि शाळामास्तर गंगाधरपंत. त्यांनी त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलं होतं. मुलाचं गणित आणि संस्कृत घरातूनच आलं. शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, ती आणखी एका फलकावर नको. त्यापेक्षा गंगाधरपंतांची एक खोली करा: पाटी, पंचांग, त्या काळची शालेय पुस्तकं. रत्नागिरीच्या शाळांमधल्या गणिताच्या शिक्षकांनी आळीपाळीने शनिवारी तिथे पोरांना घेऊन बसावं. पंख्याची गरज लागेल, एसीची नाही; कौलाखाली हवा खेळती असते, फक्त कौलं शाबूत पाहिजेत.