पायथन पुन्हा टाकायच्या आधी कर्नल बघा

कोडिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘ज्युपिटर नोटबुकमध्ये मॉड्यूल सापडत नाही अशी एरर आली, तर उद्गारचिन्ह देऊन पिप इन्स्टॉल चालवा. इम्पोर्टमध्ये जे नाव, तेच पॅकेजचं नाव. अडवलं तर ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावा. तरी जमलं नाही, तर पायथन काढून पुन्हा टाका.’ (ज्युपिटर नोटबुकमध्ये कोड ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत लिहून चालवतात. पिप हे पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, टाकायचं साधन. ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पिपची अडवणूक झुगारणारा पर्याय.) नवशिके हे जसंच्या तसं करतात आणि जास्तच अडकतात, म्हणून हे लिहितोय.

आधी उद्गारचिन्ह. त्याने सुरू होणारी ओळ शेलकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जाते. शेलला पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो पिप आधी सापडेल तो चालतो. तुमचा कर्नल, म्हणजे नोटबुकमागे प्रत्यक्ष कोड चालवणारा प्रोग्राम, मात्र दुसऱ्याच पायथनवर चालू असू शकतो. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. एका सेलखाली ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, आणि लगेच पुढच्या सेलखाली ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ (पांडाज हे डेटा हाताळायचं पॅकेज). तेच दोन सेल परत परत चालवून ती रडकुंडीला आली होती. आम्ही पायथनचं सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं एक्झिक्युटेबल, म्हणजे चालू पायथनचा पत्ता, छापलं, तर तिच्या प्रोजेक्टच्या व्हीएन्व्ह (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) फोल्डरचा पत्ता आला. पिपचं व्हर्जन विचारलं, तर पत्ता अॅनाकोंडाचा, म्हणजे बऱ्याच पॅकेजेससकट येणाऱ्या दुसऱ्याच पायथनचा! अॅनाकोंडात पांडाज आधीपासून असतंच, म्हणून पिप खरंच बोलत होता, फक्त दुसऱ्या घराबद्दल. उद्गारचिन्हाच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकलं आणि पॅकेज योग्य जागी उतरलं. ही सोय २०१९ पासून, आयपायथन (ज्युपिटरचा पायथन कर्नल ज्यावर चालतो तो प्रोग्राम) ७.३ पासून आहे. ती चालू कर्नलच्याच पायथनचा पिप वापरते.

नाव तेच असतं, हेही खरं नाही. इम्पोर्ट सीव्ही२ करायचं असतं, पण पॅकेज ओपनसीव्ही-पायथन. पीआयएलसाठी पिलो, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न. अंदाजाने नाव टाकू नका. मिळत्याजुळत्या नावाने घातक कोड ठेवणारेही असतात, त्यामुळे नाव त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावरूनच घ्या.

ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेसचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. डेबियन १२ किंवा उबुंटू २३.०४ या लिनक्स सिस्टिमपासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला अडवतो, कारण तो पायथन सिस्टिमच्या स्वतःच्या कामांसाठीही लागतो. तिथे जबरदस्ती केली, तर उद्या दुसरंच काहीतरी बंद पडेल. वेगळं व्हीएन्व्ह करा, त्यात आयपायकर्नल (ते पायथन नोटबुकला कर्नल म्हणून जोडणारं पॅकेज) टाका आणि नोटबुकच्या मेनूतून तोच कर्नल निवडा.

राहिलं पायथन पुन्हा टाकणं. कर्नलच्या नोंदीत जुन्या पायथनचा पत्ता तसाच राहू शकतो, मग नोटबुक सुरूच होत नाही. त्यापेक्षा आधी कर्नल रीस्टार्ट करा, कारण पॅकेज अपडेट केलं तरी आधी इम्पोर्ट केलेली जुनी आवृत्ती मेमरीत असते. आणि फोल्डरमध्ये तुमच्याच एखाद्या फाइलला पॅकेजचं नाव दिलेलं नाही ना, तेही बघा. तसं असेल तर पायथन तुमचीच फाइल उचलतो.